आठ पोरी बसल्या की गाडी आचके देते

"चढा!" संतरामबाबा गरजले.

आठ पोरी दप्तरं छातीशी धरून एकामागून एक व्हॅनमध्ये चढल्या. चिंचखोरी तांड्यातली झाडून सगळी माणसं लिंबाखाली जमली होती. तुरीतलं काम सोडून बाया आल्या होत्या. एक जण अर्धीच दाढी करून, उरलेल्या गालावर फेस तसाच घेऊन आला होता. व्हॅन चालू होती. पहिली पोरगी बसली, इंजिन आपलं नीट गुरगुरत होतं. चौथी बसली, तरी गुरगुरत होतं. आठवीनं दार ओढून घेतलं, तसा बाबांनी मोरपिसांचा कुंचा उचलला, पुढच्या उघड्या सीटखाली कोपरापर्यंत खुपसला, बुबुळं कपाळात नेली आणि किंचाळले, "आजा सामने!"

गाडीला एकदम हुडहुडी भरली. आरसे थरथरले, नंबरची पाटी खडखडली, आणि इंजिन लंगड्या बैलासारखं चालायला लागलं. धड, धड, धड, फुस्स. धड, धड, धड, फुस्स.

"बापरे!" गर्दी चार पावलं मागं सरली.

"उतरा!"

पोरी उतरल्या. बाबांनी कुंचा बाहेर ओढला, त्यावर फुंकर मारली. गाडी शांत. इतकी शांत की लिंबावरचा कावळा ऐकू आला.

"देखा?" बाबांनी गर्दीवरून नजर फिरवली. "गाडी लोखंडाची, पर उसका जीव मेणाचा! आठ कुवाऱ्या पोरी, आठ दिशा! आठी दिशांनी ओढ लागली की गाडीचा श्वास कोंडतो. खिंडीतली बाई त्याच वाटेनं आत शिरते."

"कोणती बाई?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"जिचं नाव घ्यायचं नसतं, ती!"

नाव घ्यायचं नसलेल्या बाईचा पत्ताही विचारायचा नसतो.

बाबांनी निकाल दिला. सात अमावास्या या पोरींनी गाडीत पाय ठेवायचा नाही. पुढच्या गुरुवारी शेवटचा बंदोबस्त होईल. नारळ अकरा लागतील, कोंबडा काळाच पाहिजे.

दार ओढून घेणारी ती आठवी पोरगी म्हणजे संगिता. दहावीत शिकणारी, एका जागी पाच मिनिटं न टिकणारी. बसली तरी तिचा एक पाय हलतच राहायचा. सात अमावास्या ऐकताच तिनं बोटांवर मोजल्या. कार्तिकातली एक, मार्गशीर्षातली दोन... सातवी येईस्तोवर दहावीची परीक्षा होऊन निकालाची वाट बघायची वेळ आली असती.

"आन मग परीक्षा?" ती मोठ्यानं बोलून गेली.

"परीक्षा तर ही चालूच आहे, बेटी," बाबा हसले. लोकांना ते फार आवडलं.

*

झालं होतं असं. तांड्यात एसटी येत नाही. ती फाट्यावरूनच सेनगावला निघून जाते, आणि फाटा पाच किलोमीटर. संगिताच्या रणजीतकाकानं जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली, तेव्हापासून पोरी सातवीच्या पुढं शिकायला लागल्या. त्याआधी सातवी झाली की पाटी फुटायची.

दसऱ्याला काकानं गाडीची पूजा केली. झेंडूची माळ घातली, हळदी-कुंकू वाहिलं, सीट उचलून इंजिनावर नारळ फोडला. तिसऱ्या दिवसापासून खिंडीच्या चढाला गाडी आचके द्यायला लागली. पोरी पुढं आदळायच्या, मागं आदळायच्या, आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं हसायच्या. खिंड ओलांडली की गाडी सुतासारखी. पोरींना शाळेत सोडून काका रिकामी गाडी घेऊन परत यायचा, तेव्हा तर गाडी खिंड अशी चढायची जसं काही झालंच नाही.

काकानं यातून जो अर्थ काढायचा तो काढला. पोरी असल्या की आचके, पोरी नसल्या की नाही. त्यानं संतरामबाबाला गाठलं. बाबा कुठून आले ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण फाट्यावर त्यांनी झोपडी टाकली होती आणि ट्रक-टेम्पोंच्या 'बाधा' काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाबांनी दर गुरुवारी इंजिनच्या डोक्यावर नारळ फोडायला सांगितला. स्वतः येऊन फोडायला लागले. चार गुरुवार झाले, आचके कमी व्हायच्या ऐवजी वाढले. तेव्हा बाबा म्हणाले, बाधा मोठी आहे. उपायानं दुखणं वाढलं तर दोष दुखण्याचा, उपायाचा कधीच नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

त्या दुपारी संगिता घरात नुसती येरझाऱ्या घालत होती.

"बस गं एका जागी," तिची आई रूपाबाई म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. याडी भाकरी थापत होती. "मला तुझ्यामागं बघून चक्कर येऊन राहिली."

"याडी, तुला पटतं का गं हे? माझ्या पायानं गाडी बंद पडती?"

"मला काय कळतं इंजनातलं? पण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं ना."

"मीबी बघितलं. आतून बघितलं! आठवी म्या बसले. म्या बसल्यावर काहीच झालं न्हाई. बाबानं कुंचा घातला, मग झालं."

याडीचा हात परातीत थांबला. पण तेवढ्यात दारात पुजा आली. पुजा संगिताच्याच वर्गातली, शेजारच्या भावसिंगकाकाची लेक. तिचे डोळे लाल होते.

"पुढच्या रविवारी पाव्हणे येऊन राहिले," ती म्हणाली. "मला बघायला. बापू म्हणतो, शाळा तर सुटलीच, आता घरी ठेवून काय करायचं."

संगिताचा पाय हलायचा थांबला. तो थांबला की समजायचं, काहीतरी होणार.

*

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच निघाली. खिंड चालत चढली, चालत उतरली, फाट्यावर एसटी पकडली आणि सेनगावच्या शाळेत पोहोचली तेव्हा चपलेचा पट्टा तुटलेला होता.

शाळेत दहावीला मोटारदुरुस्ती हा विषय होता. तो घेतलेल्या मुली तीनच. वर्षाच्या सुरुवातीला मुलं त्यांना "ग्रीसताई" म्हणायची. सहामाही परीक्षेत संगिता पहिली आली, तेव्हापासून म्हणत नव्हती. विषय शिकवायच्या शीतल खिल्लारे मॅडम, कुरुंद्याच्या. त्यांच्या ओढणीला कायम कुठं ना कुठं तेलाचा डाग असायचा आणि त्यांना त्याची फिकीर नसायची.

संगितानं एका दमात सगळं सांगितलं. बाबा, बाई, कुंचा, सात अमावास्या, पुजाचे पाव्हणे.

"बाई राहू दे बाजूला," मॅडम म्हणाल्या. "आचके कधी येतात?"

"खिंडीत."

"नेहमी?"

"गाडी भरलेली असली की."

"पोरींनी भरलेली, का नुसती भरलेली?"

हा प्रश्न संगिताला कधी पडलाच नव्हता.

"हे आधी शोध. आणखी काही पाहिलंस?"

संगितानं वहीचं मागचं पान काढलं. शाळेत उशीर झाला की कारण लिहून द्यावं लागे, म्हणून ती रोज नोंद करायची. 'शुक्र: खूप आचके, बारा मिनिटं उशीर. सोम: थोडे. बुध: दोनच. शुक्र: फार जास्त, पुजाचं डोकं आपटलं.' चारही आठवडे तसंच. शुक्रवारी चढतं, बुधवारपर्यंत उतरतं.

मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. "गुरुवारी गाडीला काय करता?"

"काही न्हाई. पूजा करतात."

"मग ती पूजा जरा जवळून बघ."

त्यांनी तिला शाळेच्या उघड्या इंजिनापाशी नेलं. "हे बघ. चार सिलिंडर, चार प्लग. प्रत्येक प्लगमध्ये ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. रिकाम्या हातानं खिंड चढलीस तर दुखणं कळत नाही. डोक्यावर भरली घागर घेतलीस की पहिल्या वळणाला कळतं. इंजिनचंही तसंच. भार आला की सिलिंडरात दाब वाढतो, ठिणगीला उडी मारणं अवघड होतं. अशा वेळी तिला दुसरीकडं सोपी वाट मिळाली, कुठं वायरला तडा आहे, कुठं ओल आहे, तर ती तिकडून पळते. पाटाचं पाणी फुटक्या बांधातून जातं तसं."

"मग कोणता प्लग बिघडला ते कसं कळणार?"

"हजेरी घ्यायची. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. काढल्यावर इंजिन लंगडलं, तर तो हजर होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासून गैरहजर. पण ऐक, त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. रबरी पकडीशिवाय हात लावलास तर मी तुला वर्गात घेणार नाही."

निघताना मॅडमनी तिच्या दप्तरात रबरी मुठीची पकड, प्लगचा पाना, सँडपेपरचा तुकडा आणि एक जुनी पण धड वायर घातली. "मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

संगितानं दप्तराचा बंद आवळला. "मॅडम, तुमी आल्या तर लोक म्हणतील, बाहेरच्या बाईनं केलं. म्या करते."

घरी जाताना तिनं काकाला गाठलं. काका व्हॅनच्या पायरीवर बसून विडी ओढत होता.

"काका, बाजाराच्या दिवशी तुमी सरकीची पोती आणली. तेव्हा गाडीत कोणती पोरगी होती?"

"एकबी न्हाई."

"खिंडीत आचके दिले?"

काकानं विडी विझवली. "दिले."

"मग काहून सांगितलं न्हाई कुणाला?"

"बाबाला सांगितलं ना! बाबा म्हणले, पोती पोरींच्या सीटवर ठेवली, म्हणून पोत्यांना लागलं."

संगितानं कपाळावर हात मारून घेतला. सरकीची पोतीसुद्धा कुवारी निघाली होती.

*

गुरुवार उजाडला. गर्दी आधीपेक्षा दुप्पट. संगितानं उठल्यापासून काही खाल्लं नव्हतं. दप्तर खांद्याला लावून ती लिंबाभोवती फिरत होती.

बाबांनी सीट उचलायला लावली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. बाबांनी मंत्र म्हणत इंजिनवर कुंकू उधळलं, मग नारळ फोडला आणि पाणी धार धरून वर सोडलं. एक नारळ, दोन, तीन. संगिता अगदी जवळून बघत होती. पाणी इंजिनवरून ओघळून प्लगांच्या खोलगट खोबणीत उतरत होतं, कुंकू घेऊन. तिला वहीतले शुक्रवार आठवले.

अकरावा नारळ झाला. काकानं गाडी चालू केली. बाबांनी कुंचा उचलला. "चढा, बेट्यांनो. शेवटचं."

"थांबा!" संगिता म्हणाली. आवाज तिला वाटला त्याच्या दुप्पट मोठा निघाला. "बाबा, कुंचा खाली ठेवा. आन दहा पावलं लांब उभे ऱ्हावा. मग बघू, आमच्या पायानं होतं का कुंच्यानं."

गर्दीत कुजबुज झाली. तिचा काका डोळे वटारून बघत होता. पण तांड्याचे नाईक शंकरसिंग, ज्यांचा शब्द तांड्यात शेवटचा, ते खाटेवरून म्हणाले, "त्यात काय बिघडलं? ऱ्हावा की बाबा लांब."

बाबा हसले. फार शांतपणे हसले. कुंचा गाडीला टेकवून ठेवला, मोजून दहा पावलं मागं गेले. "बसा."

आठ पोरी बसल्या. आणि गाडी आचके देऊ लागली. धड, धड, फुस्स. धड, फुस्स.

"देखा!" बाबांनी दोन्ही हात आभाळाकडं नेले. "मी लांब, कुंचा बाहेर! आता कोण आहे आत?"

बाया पदर तोंडाला लावून ओरडल्या. भावसिंगकाका पुढं आला आणि पुजाचा हात धरून तिला ओढायला लागला. संगिताचा बेत साफ बोंबलला होता. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते आणि त्या डोळ्यांत एकच गोष्ट होती: हीच ती.

मग तिची बोटांवर मोजायची सवय कामाला आली. बाबा लांब, तरी आचके. म्हणजे बाबा नाही. उरलं कोण? आपण.

"पोरींनो, उतरा गं. समद्या उतरा."

आठही उतरल्या. गाडीत चिटपाखरू नव्हतं. धड, धड, फुस्स.

लोक माना लांबवून गाडीत बघू लागले. आचके चालूच होते.

"आता कुणाचा पाय हाय गाडीत?" संगितानं विचारलं.

"आता ती बाई गाडीतच राहायली!" बाबा घाईनं म्हणाले.

"मागच्या गुरुवारी तर पोरी उतरल्या की लगेच उतरली होती. बाबा, तिला एकदा नीट इचारून घ्या, रोजची प्यासिंजर हाय का एक दिवसाची."

पहिलं हसू म्हाताऱ्या शंकरसिंगांचं फुटलं. मग मागून एक, मग दहा.

"आजा, मला पाच मिनिटं द्या," ती नाईकांना म्हणाली. "या इंजिनात चार सिलिंडर असतात."

"चार?" मागून एक बाई म्हणाली. "अन् आमाला एक मिळायला महिना लागतो!"

"ते गॅसचे, मावशी. हे इंजिनातले. चौघं मिळून गाडी ओढतात. म्या त्यांची हजेरी घेते." तिनं रबरी पकड काढली. "कुणी हात लावू नका."

पहिली वायर तिनं पकडीनं उपसली. इंजिन आणखी लंगडलं, गाडी गदगदा हलली. "एक नंबर हजर." वायर परत बसवली. दुसरी उपसली. गाडी पुन्हा गदगदली. "दोन नंबर हजर." तिसरी उपसली.

काहीच झालं नाही. जसं चालत होतं तसंच चाललं.

"काढली का न्हाई?" काकानं विचारलं.

"काढली. हे बघा, हातात हाय. तीन नंबर गैरहजर!" चौथी काढली तर इंजिन बंदच पडत होतं. "चार नंबर हजर. काका, तिघंच ओढून राहिले होते. तीन नंबरनं चार गुरुवारांपासून काम सोडलंय."

"काहून सोडलं?" हा प्रश्न मात्र भावसिंगकाकाचा होता. पुजाचा हात त्यानं सोडला नव्हता.

"दाखवते. याडी, तुझी ओढणी दे."

रूपाबाई दचकली. आरसे, कवड्या आणि भरतकाम लावलेली ती जाड ओढणी ती लग्नाकार्यालाच बाहेर काढायची, पण आज गुरुवार म्हणून अंगावर होती. तिनं एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. मग डोक्यावरनं ओढणी काढली आणि स्वतःच सीटवर तंबूसारखी धरली.

"आजा, या. आत बघा. हात लावू नका, नुसतं बघा."

नाईकांनी तंबूत डोकं घातलं. आत काळोख झाला होता. तिसऱ्या वायरच्या टोपणाजवळ एक बारीक निळा धागा लखलखत होता. टिक, टिक, टिक. प्लगकडं जायचा तो टोपणाच्या तड्यातून निसटून शेजारच्या लोखंडावर उडी मारत होता.

"आयला," नाईक ओढणीतूनच म्हणाले. "निळी हाय की रे ही बाई."

मग रांग लागली. काकानं बघितलं, भावसिंगकाकानं बघितलं, अर्ध्या दाढीवाल्यानं (त्याची आज पूर्ण झाली होती) दोनदा बघितलं. बाया आपल्याच ओढण्या घेऊन पुढं आल्या. तांड्यानं त्या दिवशी भूत पाहिलं, फुकट आणि डोळे उघडे ठेवून.

संगितानं गाडी बंद करायला लावली. तिसरं टोपण काढलं, पान्यानं प्लग सोडवला आणि हातभर वर धरला. खोबणीतून निघालेला लाल-काळा चिखल त्याला लगडला होता. नारळाचं पाणी, कुंकू, गंज, आणि खोबऱ्याचा एक करपलेला तुकडा.

"काका, वास घ्या."

काकानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "आंबलेला नारळ."

"दसऱ्याला तुमी फोडला, पाणी आत गेलं. टोपणाला तडा होताच, ओल लागली आन ठिणगीला पळवाट भेटली. रिकाम्या गाडीत कशीबशी निभायची. गाडी भरली, चढ लागला, की पळायची. पोरी भरा, सरकी भरा, न्हाईतर नाईक आजाचे सोयरे भरा, आचके बराबर यायचे! मग बाबानं दर गुरुवारी नवं पाणी घातलं. म्हणून शुक्रवारी जास्त. बुधवारपर्यंत वाळायचं, म्हणून कमी. हे माझ्या वहीत लिवलेलं हाय." ती दमली आणि एकदाचा श्वास घेतला. "आज तर अकरा नारळांचं पाणी हाय; ते खाली झिरपलं आन नेमकं तवाच आमी बसलो. उभ्या गाडीलाबी ठसका लागला."

तिनं खोबणी फडक्यानं कोरडी केली, प्लग सँडपेपरनं घासला, मॅडमची वायर लावली. पाना एकदाही घसरला नाही. काकानं चावी फिरवली.

इंजिन एका सुरात गुरगुरलं.

"पण मागच्या गुरुवारी?" रूपाबाईनं ओढणी खांद्यावर घेत विचारलं. "तेव्हा पोरी बसल्या की व्हायचं अन् उतरल्या की थांबायचं. ते कसं?"

शाब्बास याडी, संगिता मनात म्हणाली. तिनं गाडीला टेकवलेला कुंचा उचलला. बाबा दोन पावलं पुढं आले. "त्याला बाईमाणसानं हात लावायचा नाही! हात जळेल!"

"जळू द्या," रूपाबाई म्हणाली. "माझी लेक हाय. म्या औषध लावीन."

संगितानं मोरपिसं बाजूला केली. आत मूठ नव्हतीच. विजेच्या फिटिंगमधली प्लास्टिकची नळी होती, आणि टोकाला प्लास्टिकचाच वाकडा आकडा. तिनं नळी सीटखाली घातली, एका टोपणात आकडा अडकवला, ओढला. गाडीला हुडहुडी. दाबला. गाडी शांत. ओढला. हुडहुडी. दाबला. शांत. गाडीत कुणी नव्हतं. ओठात मंत्रही नव्हता.

"आजा सामने!" मागून कुणीतरी बाबांच्या आवाजात ओरडलं, आणि मग जे हसू उठलं त्यानं लिंबावरचे कावळे उडाले.

बाबा न हसणारे एकटेच होते. ते काळ्या कोंबड्याकडं आणि फाट्याच्या वाटेकडं आळीपाळीनं बघत होते.

"थांबा," नाईक शंकरसिंग उठले. "उभ्या गाडीचं पाहिलं. खिंडीतलं बघायचं ऱ्हायलं. खरं काय ते तिथं कळंल. चढा गं पोरींनो. बाबा, तुमीबी चढा. भार पायजे ना."

*

कायद्यानं बसवू नयेत इतकी माणसं त्या व्हॅनमध्ये बसली. आठ पोरी, नाईक, काका आणि पोरींच्या मधोमध दोन दप्तरं मांडीवर घेतलेले संतरामबाबा. बाकीचा तांडा मागून पळत निघाला. भावसिंगकाका सगळ्यांच्या पुढं पळत होता.

खिंडीचा पहिला चढ आला. संगिताचे कान इंजिनाला चिकटले होते. आता एक जरी आचका बसला असता तर ओढणीतली निळी ठिणगी, प्लग, वही, सगळं मातीत गेलं असतं. पुजानं तिचा दंड इतका आवळला होता की नखं रुतली. दुसरं वळण. काकानं गिअर खाली घेतला. इंजिनचा आवाज जाड झाला, गाडी रेटत राहिली. तिसरं वळण, जिथं पुजाचं डोकं आपटायचं.

धड धड धड धड. चारही हजर.

माथ्यावर काकानं गाडी थांबवली, तशा पोरी खाली उतरल्या. त्याचे डोळे भरले होते, ते तो धुळीवर ढकलत होता. बाबा उतरले आणि फाट्याकडं चालू लागले. कुणी मारलं नाही. नाईकांनी फक्त प्लास्टिकची नळी स्वतःकडं ठेवून घेतली आणि सांगितलं की ती पोलीस चौकीत दाखवायची आहे. त्यावर बाबांची चाल जरा वाढली.

तांडा धापा टाकत माथ्यावर पोहोचला. भावसिंगकाका गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. त्यानं पुजाकडं पाहिलं, मग संगिताच्या काळ्या झालेल्या हातांकडं.

"म्या पोरीला..." तो म्हणाला आणि थांबला. गळ्यातलं उपरणं काढून त्यानं तोंड पुसलं. "पाव्हण्यांना फोन करतो. सांगतो, आता येऊ नका. पोरगी शिकून राहिली."

पुजानं संगिताचा दंड सोडला.

"शाळा किती वाजता भरती?" भावसिंगकाकानं विचारलं.

"साडेदहाला."

"मग उतरल्या काहून? बसा की!"

आठही पोरी धडाधड आत चढल्या, आणि गाडी खिंड उतरून सेनगावच्या रस्त्याला लागली.

*

तुमच्याही गावात काहीतरी आचके देत असेल. एखादी गाडी, विहिरीवरची मोटार, दूध न देणारी म्हैस, तापानं फणफणलेलं लेकरू. तेव्हा नारळ फोडायची घाई करू नका. आधी वही काढा. कधी होतं, कधी होत नाही, तारीख-वार लिहा. ज्याच्यावर आळ घेताय त्याला बाजूला उभं करा आणि पुन्हा बघा. ज्याला कळतं त्याला विचारा, मग तो मिस्त्री असो, डॉक्टर असो, नाहीतर ओढणीला तेलाचा डाग असलेल्या मॅडम असोत. कुणी म्हणालं की लांब उभं राहून बघा, जवळ येऊ नका, तर खुशाल जवळ जा.

आणि एक विचाराच. ठिणगी चुकली तीन नंबरच्या प्लगची, मग शाळा आठ पोरींची काहून सुटणार होती?